गिझेलाबाईंची तिसरी टेकडी

गिझेलाबाई सहसा कुणावर चिडत नसत. त्यामुळे अठ्ठ्याहत्तर सालच्या ऑक्टोबरपासून पुढचे सात-आठ महिने त्या सलग चिडलेल्या होत्या, हे आमच्या इमारतीत कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सगळे म्हणायचे, बाईंची पाठ दुखत असेल. पाठ कसली दुखतेय, डोकं उठलं होतं त्यांचं.

लोवाश गिझेला. सेगेदच्या विद्यापीठात, तिसा नदीच्या काठावरच्या आमच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर सत्तावीस वर्षं प्रयोगशाळेत सहायक. काम काय, तर डुकराच्या मेंदूच्या तळाशी अंगठ्याच्या पेराएवढा एक तुकडा असतो, त्यातून संप्रेरकं वेगळी काढायची. ही संप्रेरकं म्हणजे बारीक मण्यांच्या माळा समजा. एकाच संप्रेरकाची लांब माळ असते, आखूड असते. मेंदूत त्याच्या किती लांबीच्या माळा आहेत ते शोधायचं, एवढ्यावर आमचा अख्खा मजला जगत होता. तुकडे उकळायचे, आम्लात घोटायचे, गाळायचे आणि माणसाएवढ्या उंच काचेच्या नळीतून थेंबथेंब खाली सोडायचे. लांब माळा आधी बाहेर पडतात, आखूड मागून. ते थेंब नव्वद परीक्षानळ्यांत धरायचे, प्रत्येकीत संप्रेरक किती ते मोजायचं आणि आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं ठिपके जोडायचे. जिथे माळा सापडतात तिथे रेघ वर चढते. त्या चढाला आमच्याकडे टेकडी म्हणत. सेगेदच्या आसपास दिवसभर सायकल मारली तरी जमिनीवर टेकडी लागत नाही, त्यामुळे कागदावर आली तरी माणसं हरखून जायची.

आमच्या संप्रेरकाच्या टेकड्या दोन. लांब माळेची एक, आखूड माळेची दुसरी. जगभर दोनच. आणि सत्याहत्तरच्या फेब्रुवारीत गिझेलाबाईंच्या कागदावर तिसरी आली, दोहोंच्या मधे, बेताची पण ठसठशीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. मग येतच राहिली.

आमचे मुख्य डॉक्टर किश्पाल यांनी तो कागद खिडकीशी नेऊन पाहिला, परत आणून पाहिला, आणि त्या दिवसापासून त्यांची चालच बदलली. नोएमी म्हणून एक हुशार पोरगी त्यांच्याकडे डॉक्टरेट करत होती. तिचा जुना विषय काढून तिला ही मधली माळ दिली. दीड वर्ष सगळा मजला त्या टेकडीच्या मागे. अठ्ठ्याहत्तरच्या सप्टेंबरात लेख लिहायला घेतला, तेव्हा किश्पालांनी गिझेलाबाईंना खोलीत बोलावलं.

"या खेपेला लेखावर तुमचंही नाव घालायचं म्हणतोय," ते म्हणाले. "पाचवं. पण घालायचं."

गिझेलाबाई "बरं" म्हणाल्या आणि बाहेर येऊन बेसिनपाशी पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या. त्याचं कारण जुनं होतं. त्यांच्या बापाकडे माको गावाला कांद्याची जमीन होती, इतरांपेक्षा दोन पट्टे जास्त. तेवढ्यावरून पन्नास साली त्यांच्या अर्जावर 'कुलाकाची मुलगी', म्हणजे बड्या शेतकऱ्याची, नव्या राजवटीच्या वैऱ्याची, असा शेरा पडला आणि रसायनशास्त्र शिकायचं राहिलं ते राहिलंच. ज्या इमारतीत शिकायचं तिथे त्या वर्षभरात नळ्या धुवायला लागल्या. सत्तावीस वर्षांत त्यांच्या हातच्या कामावर चाळीसेक लेख निघाले असतील. एकावरही त्यांचं नाव नाही. त्यांनी कधी मागितलं नाही, पण म्हणून नको होतं असं थोडंच आहे. त्या रविवारी माकोला जाऊन त्यांनी बहिणीला सांगितलं. बहीण म्हणाली, "बाबा असते तर गावभर सांगत फिरले असते." आणि दोघी जणी जराशा रडल्या.

हे झालं सप्टेंबरात. मग आला ऑक्टोबरातला तो मंगळवार.

दर मंगळवारी सकाळी सातला गिझेलाबाई शहराबाहेरच्या कत्तलखान्यात जात. तिथे आम्ब्रुश नावाचे साठीचे गृहस्थ डोकी करवतायचं काम करत. सगळी हयात त्या कामात गेली, हात असा की कवटीला चीर पडते तर आतल्या लोण्याला धक्का लागत नाही. आधी गिझेलाबाई स्वतः चिमट्यानं तुकडे काढत. पुढे त्यांनी आम्ब्रुशना शिकवलं. तेव्हापासून आम्ब्रुश पहाटेच तुकडे काढून ठेवायचे आणि या गेल्या की बर्फानं भरलेला डबा हातात द्यायचे. या जागेवरच बसून तुकडे साफ करायच्या, ट्रामनं प्रयोगशाळेत आणायच्या आणि उकळत्या पाण्यात टाकायच्या. कत्तलखान्यात उकळायची सोय नव्हती, म्हणून बर्फ. सगळं नीट चाललेलं.

त्या दिवशी नऊला दातवाल्याकडे जायचं होतं म्हणून बाईंनी आधीची ट्राम धरली आणि सव्वासहालाच पोचल्या. आम्ब्रुश करवतीपाशी नव्हते. कपडे बदलायच्या खोलीत डोकावल्या तर भिंतीलगतच्या, खोली तापवणाऱ्या गरम पाण्याच्या नळांवर एक इनॅमलची परात ठेवलेली, वर स्वच्छ पंचा झाकलेला. भिजवलेली कणीक फुगायला ठेवावी तशी. बाईंनी पंचा उचलला. खाली ओळीनं मांडलेले वीस-बावीस तुकडे. बोट लावून पाहिलं. कोमट.

मागून आम्ब्रुश आले. हातात पावाची जाड चकती, तिच्यावर चरबी आणि कांदा.

"आज लवकर कशा?" ते म्हणाले.

"हे काय आहे, आम्ब्रुशभाऊ?"

"तुमचाच माल. दुसऱ्या कुणाचा असणार."

"इथे? गरम नळावर?"

"मग कुठे ठेवू? तो हिवाळा आठवतो का, बर्फातले तुकडे साफ करता करता बोटं निळी पडली होती तुमची. म्हणालात, ही बोटं माझी राहिलीच नाहीत. तेव्हापासून जरा ऊब देतो. तुम्ही यायच्या दहा मिनिटं आधी बर्फात घालतो. वरून गार, आतून मऊ. साफ करायला बरे पडतात की नाही?"

बरे पडत होते. दीड वर्ष बाई मनात म्हणत होत्या, आम्ब्रुशभाऊंचा हात आता चांगला बसला.

"हे कधीपासून?"

"परवाच्या हिवाळ्यापासून. जानेवारी होता." आम्ब्रुशनी पाव खाली ठेवला. "का? कुणी सांगितलं का तुम्हाला, की मी बर्फ वाचवतो? त्या बर्फघरातल्या फेरेन्सचं काही ऐकू नका. बर्फ पुरेपूर घालतो मी."

गिझेलाबाईंना हसावं की रडावं कळेना. हा माणूस दर मंगळवारी पहाटे उठून आपल्या बोटांची काळजी वाहतोय, त्याला बोलायचं काय? त्या म्हणाल्या, "नाही हो, तसं काही नाही." आम्ब्रुशनी अर्धा पाव त्यांना दिला. तो त्यांनी खाल्ला, आणि प्रत्येक घासाबरोबर राग वाढत गेला. राग काढावा असं समोर कुणी नव्हतंच. दातवाला राहिला बाजूला.

कारण मेंदू मेला तरी त्यातल्या कात्र्या, म्हणजे विकरं, मरत नाहीत, हे आमच्या मजल्यावर नळ्या धुणाऱ्यालाही ठाऊक होतं. त्या कात्र्या लांब माळांचे तुकडे करतात. बर्फात त्या आखडून बसतात, उकळत्या पाण्यात कायमच्या संपतात. ऊब मिळाली की मात्र कचाकच चालतात. म्हणजे तासभर गरम नळावर ठेवलेल्या तुकड्यात लांब माळ कापली जाऊन मधल्या लांबीची माळ तयार होणार. ती मेंदूत नव्हतीच. ती परातीत झालेली.

बाईंनी वह्या काढल्या. तारखा स्वतःच्याच अक्षरात. जानेवारी सत्याहत्तरपर्यंत टेकड्या दोन, फेब्रुवारीपासून तीन. जुलै-ऑगस्टात, खोल्या तापवणं बंद असतं तेव्हा, तिसरी बसकी. नोव्हेंबरात पुन्हा उंच. वह्या दीड वर्ष डोळ्यांसमोर होत्या आणि हे एकालाही दिसलं नव्हतं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. बोटांचं बोलून जमलेल्या कामात घोळ घालणारी मीच आणि तो बाहेर काढणारीही मीच, असं त्या मला, त्यांच्या हाताखालच्या मदतनिसाला, नंतर म्हणाल्या.

तरी त्या लगेच बोलल्या नाहीत. आधी खात्री करायची, ही त्यांची सवय. पुढच्या मंगळवारी घरचा रॉकेलचा स्टोव्ह आणि एक पातेलं घेऊन त्या ट्राममधे बसल्या. आम्ब्रुशना सांगितलं, डॉक्टरांनी नवा नियम काढलाय, डोकं उघडलं की तुकडा थेट उकळत्या पाण्यात.

"म्हणजे माझ्या हातचं आता चालत नाही," आम्ब्रुश म्हणाले.

"तसं नाही हो."

"कळलं, कळलं. शिकलेल्यांचे नियम." पुढे महिनाभर ते बाईंशी कामापुरतंच बोलत. म्हणजे तिथेही वाकडं.

अर्धे तुकडे तिथल्या तिथे उकळले. उरलेले अर्धे परातीत, पंच्याखाली, तासभर. दोन्हींचं पुढचं काम एकसारखं. शुक्रवारी ठिपके जोडले. उकळलेल्यात दोन टेकड्या. परातीतल्यात तीन. आणि तिसरी जेवढी वर आली होती, बरोबर तेवढी लांब माळेची टेकडी खचली होती. बेरीज तीच. बाईंनी तीन वेळा मांडून पाहिली.

आता हे सांगायचं म्हणजे आपलं पाचवं नाव आपल्याच हातानं पुसायचं, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही.  सोमवारी सकाळी दोन कागद घेऊन किश्पालांच्या खोलीत गेल्या. नोएमी तिथेच बसली होती, कॉफी पीत.

किश्पालांनी कागद शेजारी शेजारी ठेवले. बाईंनी परातीचं सगळं सांगितलं, आम्ब्रुशचं नाव तेवढं घेतलं नाही. चूक माझ्याकडून झाली म्हणाल्या. किश्पालांनी कागदांची अदलाबदल करून पाहिली. मग म्हणाले, "उकळण्यानं मधली माळ नष्ट होत असणार. नाजूक आहे ती."

"नष्ट झाली असती तर बेरीज कमी आली असती, डॉक्टर. बेरीज तेवढीच आहे. मधली नसते तेव्हा लांब माळ वाढलेली असते."

"एका खेपेवरून?"

"मग आणखी तीन करते. तीन आठवडे द्या."

"लेख शुक्रवारी जातोय. हेलसिंकीच्या परिषदेत माझं भाषण लागलंय. नोएमीचा प्रबंध याच्यावर उभा आहे. आणि तुम्ही मला पातेल्यात उकळलेलं काहीतरी दाखवताय." किश्पालांनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "गिझेलाबाई, तुमच्याइतकी हाताला स्वच्छ सहायक मी पाहिली नाही. पण रसायनशास्त्र आता तुम्ही मला शिकवायचं ठेवलंय का?"

 बाईंनी नोएमीकडे पाहिलं. नोएमी हुशार होती. तिनं बेरीज पहिल्या नजरेत केली असणार. ती कपाच्या तळाशी साखर शोधत होती.

"मग माझं नाव काढा," गिझेलाबाई म्हणाल्या.

"काय?"

"लेखावरचं. खोट्यावर मला नको."

"लोक नावासाठी एकमेकांचे गळे धरतात आणि तुम्हाला नको?" किश्पाल खरंच चकित झाले होते. "जा, घरी जा, आराम करा. तुम्ही थकलात."

बाईंनी लेखी अर्ज दिला. तो फायलीत गेला. दुसरा दिला, त्याची पोच घेतली. तेव्हा कुठे किश्पालांनी पाचव्या नावावर काट मारली, आणि तीही अशी रागानं, की पेनाचं टोक मोडलं. लेख मात्र शुक्रवारी गेलाच.

मग सुरू झालं ते चिडणं. बाई दर मंगळवारी स्टोव्ह घेऊन जात, तिथल्या तिथे उकळत, आणि दर शुक्रवारी किश्पालांच्या मेजावर दोन टेकड्यांचा कागद ठेवून येत. एक, दोन, अकरा, पंचवीस कागद. किश्पाल ते न बघता खालच्या खणात टाकत. नव्या आकड्यांची त्यांना आता गरजच नव्हती; जुने पुरेसे होते. कॅन्टीनमधे कुणी विचारलं तर म्हणायचे, "बाईंचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही. वय झालं." वय सत्तेचाळीस. हे शब्द बाईंपर्यंत पोचले तेव्हा त्या परीक्षानळ्या पुसत होत्या. त्यांनी हातातली नळी पुसून जाळीत ठेवली, दुसरी घेतली. मी समोर होतो. मला वाटलं होतं, फेकून मारतील.

"तुम्ही वरच्या कुणाला का सांगत नाही?" मी विचारलं.

"सांगितलं. ते म्हणाले, किश्पालना विचारून सांगतो."

नोएमीशी त्यांचं बोलणं कमी झालं, पण बंद झालं नाही. पोरगी सकाळी आली की "गिझीमावशी, कॉफी ठेवू?" म्हणायची, बाई "ठेव" म्हणायच्या. नोएमीला पहिल्यांदा चिमटा धरायला यांनीच शिकवलं होतं. तिला ताप आला तेव्हा कोंबडीचं सूप डब्यात भरून तिच्या खोलीवर बाईच गेल्या होत्या. बाईंना एकच आशा होती. किश्पाल ऐकणार नाहीत, ते सोडा. पण या मुलीच्या नावानं प्रबंध उभा राहणार आहे; ती एक दिवस स्वतः पाणी उकळून बघेल, आणि बघितलं की गप्प बसणार नाही. ते कागद त्यांनी किश्पालांसाठी काढलेच नव्हते. ते नोएमीनं येता-जाता पाहावेत म्हणून मेजाच्या कडेला, उताणे ठेवलेले असायचे.

मेच्या शेवटी लेख छापून आला. त्या सोमवारी दुपारी नोएमी छापील प्रत घेऊन आली. दुसऱ्या हातात पेस्ट्रीच्या दुकानातला खोका, सुतळीनं बांधलेला. बाई काचेची उंच नळी धूत होत्या. मी खिडकीशी तराजू पुसत होतो. नोएमीला माझी अडचण वाटली नाही, किंवा मी तिला दिसलोच नाही.

"मावशी, हे तुमच्यासाठी. आधी हे बघा, शेवटचं पान."

बाईंनी हात पुसले. चष्मा लावला. शेवटच्या पानावर संदर्भांच्या वर बारीक टाइपात दोन ओळी होत्या. 'ताज्या मेंदूचे नमुने अत्यंत काळजीपूर्वक गोळा केल्याबद्दल लेखक लोवाश गिझेला यांचे ऋणी आहेत.'

बाईंनी त्या पुन्हा वाचल्या.

"डॉक्टर नाहीच म्हणत होते," नोएमी म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता, खरा आनंद होता तो. "म्हणाले, तिलाच नको असेल तर मरू दे. मी दोन दिवस भांडले त्यांच्याशी. म्हटलं, सत्तावीस वर्षं झाली, कुठे तरी नाव यायलाच हवं त्यांचं. यायलाच हवं की नाही?"

गिझेलाबाई खुर्चीवर बसल्या. कामाच्या वेळी त्यांना बसलेलं मी तेव्हाच पाहिलं.

"नोएमी, एक विचारते. तू स्वतः कधी लगेच उकळून बघितलंस का?"

नोएमी सुतळीची गाठ सोडवत होती. ती सुटेना. "बघितलं," ती म्हणाली.

"कधी?"

"त्या सोमवारनंतर. दोन दिवसांनी. आम्ब्रुशकाकांकडून मीच चार तुकडे आणले होते."

"लेख जायच्या आधी."

"हो."

"मग?"

"दोनच आल्या, मावशी." तिनं गाठ सोडून दिली. "पण जूनमधे प्रबंधाची तोंडी परीक्षा आहे माझी. चार वर्षं गेलीत. मी काय करायला हवं होतं? तुम्हीच सांगा."

बाईंनी प्रत मांडीवर ठेवली. मग बोलल्या ते अगदी हळू, पण मला तराजूपाशी स्वच्छ ऐकू आलं. "माझं नाव त्यातून काढायला मी दोन अर्ज केले, पोरी. तू भांडून ते परत घातलंस. आणि 'काळजीपूर्वक' म्हणून घातलंस. आता उद्या फिनलंडात, अमेरिकेत कुणाला ती माळ सापडली नाही, की ते माझ्या हाताकडे बोट दाखवतील. माझ्याच."

"मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

"ठाऊक आहे मला, काय वाटलं ते."

नोएमी रडायला लागली. लहान मुलासारखी, नाक पुसायला काही नसलेली. बाईंनी छापील प्रत मिटून तिच्या खोक्यावर ठेवली, खोका तिच्याकडे सरकवला. "उद्या मंगळवार आहे," त्या म्हणाल्या. "कत्तलखान्यात तू जा. मी यापुढे जाणार नाही."

नोएमीनं मान हलवली. रडणं थांबेना. तेव्हा गिझेलाबाईंनी कोटाच्या खिशातून आपला इस्त्रीचा रुमाल काढला आणि तिच्या हातात दिला. पुन्हा नळी धुवायला घेतली, आणि आपण तिला रुमाल का दिला याचाच त्यांना घरी जाईपर्यंत राग येत राहिला.